वहिवाट

नकाशावर ते नुसतं एक तोंड असतं.
चोवीस फूट रुंद,
नव्या सिग्नलच्या खांबापासून एकतीस फुटांवर.
मी त्यावर लाल पेनाने फुली मारते
आणि बाजूला लिहिते: बंद.

मंगळवारी अशा चार फुल्या मारल्या.
डोनटच्या दुकानाला एक, लाँड्रीला दोन,
चौथी ऑर्व्हिल नीमायरच्या टायरच्या दुकानाला.
त्याच्या बापाने छप्पन्न साली हा उतार केला, स्वतः फावडं मारून.
तेव्हा लायमा गावाच्या या टोकाला
मक्याखेरीज काही उभं नव्हतं.

सभा फायर स्टेशनात. लोखंडी खुर्च्या, पातळ कॉफी.
मी पडद्यावर टकरींचा तक्ता लावला:
पाच वर्षं, अकरा टकरी, प्रत्येकीचा एक बाण.
दहा बाण सरळ रेघेचे. गाडीवर गाडी.
अकरावा तुटक रेघेचा.
तुटक रेघ म्हणजे माणूस, पायी.

ऑर्व्हिल उठला. टोपी हातात.
"पोरी, गिऱ्हाईक मागच्या गल्लीतून येईल म्हणतेस.
बसलेल्या टायरवर गाडी आणलीयेस कधी
मागच्या गल्लीतून?"
नव्हती आणली.
माझ्याकडे गल्लीची रुंदी होती, चढ होता,
पावसाचं पाणी कुठे जाईल तेही होतं.
हे नव्हतं.

आमचे आप्पा भूम तालुक्यात मोजणीदार होते.
साखळी टाकून भावाभावांचे बांध सरळ करायचे
आणि रात्री जेवताना गप्प बसायचे.
एकदाच म्हणाले, जमीन मोजता येते गं,
वहिवाट बैलाला विचारावी लागते.
इथल्या कायद्याच्या पुस्तकात मी तो शब्द शोधला.
जवळपासचे शब्द पुष्कळ आहेत,
बैल एकातही नाही.

मग शेवटच्या रांगेतून ट्रीव्हा बॉग्ज बोलली.
तीच ती तुटक रेघ.
कपड्यांची चाकाची टोपली ओढत लाँड्रीतून निघाली होती.
खुब्यात आता तीन स्क्रू आहेत.
"तो मुलगा वाईट नव्हता," ती म्हणाली,
"ऑर्व्हिलकडून नवे टायर बसवून निघालेला.
उजवीकडे वळणारा माणूस डावीकडेच बघतो,
गाड्यांमधली फट शोधत असतो बिचारा.
मी त्याच्या उजव्या हाताला होते."
ती खाली बसली.
ऑर्व्हिलने टोपी घातली, पुन्हा काढली.

मतं पडली चार विरुद्ध तीन.

ऑक्टोबरात काँक्रीट ओतलं.
सहा इंच उंच, पांढरा स्वच्छ काठ,
दोन्हीकडच्या जुन्या मळकट फुटपाथमध्ये
बसवलेल्या दातासारखा.
पहिल्याच सोमवारी त्यावर टायरचा काळा ओरखडा.
ऑर्व्हिलच्याच पिकअपचा. त्याने आपणहून फोन करून सांगितलं,
तक्रार म्हणून नाही.
"हात आपोआप वळला," म्हणाला,
आणि फोन ठेवायला विसरला.
मागे हवेचा पंप धडधडत होता.
मी बराच वेळ ऐकत राहिले.

महिन्याभरात ओरखडे सात. पुढच्या महिन्यात दोनच नवे.
टक्कर एकही नाही.
गिऱ्हाईक किती घटलं, ते मी विचारलं नाही.
तक्त्यात तसा रकाना नाही, असं मी ऑफिसात सांगते.

परवा त्याच सिग्नलला थांबले होते. बर्फ भुरभुरत होता.
ट्रीव्हा येताना दिसली, एका हातात काठी, दुसऱ्यात टोपली.
फुटपाथ आता कोपऱ्यापर्यंत सलग,
कुठे खाली उतरायचं नाही, कुठे चढायचं नाही.
उतार होता तिथवर ती आली
आणि थांबली.
रस्त्याकडे पाहिलं. मग टायरच्या दुकानाकडे,
जिथून आता काही येऊच शकत नाही.
पुन्हा एकदा पाहिलं.
माझा दिवा केव्हाच हिरवा झाला होता.
मागच्याने हॉर्न दिला.